नर्सबाईंचे मालक

माझी पोरगी मला बघून घाबरून रडली, तेव्हा ती सव्वा वर्षाची होती. सगळं तिथून सुरू झालं.

मी बारामतीच्या एमआयडीसीत एका कंपनीत फिटर होतो. आयटीआय करून लागलेली, कायम झालेली नोकरी. बायको लग्नाआधीच नर्सिंग शिकलेली. पोरगी नऊ महिन्यांची असताना तिला सरकारी नेमणुकीचं पत्र आलं. गाव बावडा. म्हणजे बारामतीहून इंदापूर, तिथं गाडी बदलून पुढं अकलूजच्या रस्त्याला. दवाखान्याच्या आवारात दोन खोल्यांची क्वार्टर होती आणि तिथंच राहायची अट होती, कारण बाळंतपण काही वेळ सांगून येत नाही. घरात पेढे वाटले. मग ठरलं की ती पोरीला घेऊन बावड्याला राहील, मी बारामतीची खोली ठेवीन आणि सुट्टीला जाऊन येईन. त्या काळात आमच्या ओळखीत असे दोन गावांत विभागलेले चार-पाच संसार होते, त्यामुळं त्यात कुणाला वावगं वाटलं नाही.

पोरीला सांभाळायला माझी आई महिनाभर गेली. पण निमगाव केतकीला आमच्या घरी डाळिंबाची बाग, दोन म्हशी आणि आबा, म्हणजे माझे वडील, या सगळ्यांनाच ती लागायची. ती परत गेली. पोरगी मग शेजारच्या एका बाईंकडं राहू लागली. बाई चांगल्या होत्या. तक्रारीला जागा नव्हती.

अशाच एका सुट्टीच्या दिवशी मी पोचलो तेव्हा बायको लस टोचायला वस्तीवर गेली होती. शेजारच्या बाई दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि पोरगी त्यांचा पदर धरून उभी होती. मी हात पुढं केले. तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं, तोंड त्यांच्या पदरात खुपसलं आणि भोकाड पसरलं.

"अगं, पप्पा हायती तुझं," बाई म्हणाल्या. त्या बिचाऱ्या ओशाळल्या होत्या. "लई दिवसांनी आलासा ना, म्हणून जरा..."

मी बारा दिवसांनी आलो होतो.

तीनच्या सुमाराला बायको आली. लसीचा डबा खांद्याला, चेहरा उन्हानं रापलेला. पोरीनं तिच्याकडं पाहिलं आणि हसली, पण बाईंचा पदर काही सोडला नाही. बायकोनं डबा खाली ठेवला, हात धुतले, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "मी सोडते नोकरी."

दोघांपैकी एकानं सोडायची तर तिनंच का, याचं उत्तर मी शोधत होतो आणि ते मला सापडत नव्हतं. माझ्या जागी दुसरा फिटर दुसऱ्या दिवशी उभा राहिला असता. राहायची जागा तिच्या नोकरीची. पोरगी इथं. माझ्या तिन्ही पाळ्या फिरत्या, आज दिवसा तर पुढच्या आठवड्यात रात्री. आणि तिच्या हातून पोरं जन्माला येत होती, मी बेअरिंग बदलत होतो.

"मी सोडतो," मी म्हणालो.

ती हसली. मग तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि तिचं हसू थांबलं.

कंपनीत साहेबांनी विचारलं, "दुसरीकडं लागलं का?"

"नाही."

"मग वडील आजारी आहेत?"

"ठणठणीत आहेत."

"मग घरी जाऊन करणार काय?"

"पोरगी सांभाळणार."

त्यांनी मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. "आठ दिवस रजा घे," ते म्हणाले. "जा आणि भांडण मिटव." माझं आणि बायकोचं जोरदार वाजलंय, याबद्दल त्यांची खात्रीच झाली होती.

सामान टेंपोत घालून निघालो. बारामतीहून इंदापूरला जाताना वाटेत आमचंच गाव लागतं. ड्रायव्हरला निमगावात चहा घ्यायचा होता. मी म्हणालो, पुढं घेऊ. फाट्यावर पारापाशी आबांच्या वयाची माणसं बसलेली दिसली. मी मान वळवली नाही.

सुरुवातीचे दिवस मी फार मर्दपणानं काढले असं सांगणार नाही. मला काहीच येत नव्हतं. भात एक तर कच्चा, नाही तर पिठलं झालेला. स्टोव्हला पिन मारणं तेवढं जमायचं, ते फिटरचंच काम. पोरगी आठवडाभर माझ्याकडं संशयानं बघत होती. नवव्या दिवशी ती माझ्या पोटावर झोपली आणि मी तास-दीड तास हललो नाही, लघवीला लागली होती तरी. कधी कधी मला यंत्रांचा आवाज इतका आठवायचा की दवाखान्यातला पंप सुरू झाला तरी मी कान देऊन उभा राहायचो. एकदा पोरीनं सांडलेल्या दुधावरून मी तिच्या पाठीत धपाटा घातला आणि नंतर दिवसभर स्वतःला शिव्या देत बसलो.

धुणं हा मोठा प्रश्न होता. हातपंपावर मी बादली घेऊन गेलो की बायकांचं बोलणं बंद व्हायचं. त्या बाजूला सरकून मला आधी पाणी भरू द्यायच्या, म्हणजे मी लवकर जावं. पहिले पंधरा दिवस मी बायकोच्या साड्या मागच्या भिंतीकडं वाळत घातल्या, रस्त्यावरून दिसू नयेत म्हणून. तिथं ऊन येत नसे. साड्यांना कुबट वास यायला लागला. सोळाव्या दिवशी मी त्या पुढच्या तारेवर घातल्या, रस्त्याच्या बाजूला, चांगल्या झटकून, चिमटे लावून. स्टँडकडं जाणारे दोन जण थांबून बघायला लागले. मी पण त्यांच्याकडं बघत उभा राहिलो. शेवटी तेच गेले.

गावात मला नाव पडलं, 'नर्सबाईंचे मालक'. आपल्याकडं नवऱ्याला मालक म्हणायचीच पद्धत. पण चहाच्या टपरीवर तो शब्द उच्चारताना लोक जरा थांबायचे आणि मग एकमेकांकडं बघायचे. "या मालक. आज काय भाजी?" मी सांगायचो, "दोडका." खरं सांगितलं की पुढं काय बोलायचं ते त्यांना सुचायचं नाही, हे मला लवकरच कळलं.

बाहेरच्यांचं मी निभावलं. लागलं ते घरातलं.

एक दिवस तालुक्याहून काही बायका दवाखाना बघायला आल्या होत्या. बायको त्यांना घेऊन क्वार्टरच्या ओट्यावर आली. मी आत पोरीला भरवत होतो. एकीनं विचारलं, "मिस्टर काय करतात?" आणि बायको म्हणाली, "त्यांचा इंदापूरला बिझनेस आहे. स्पेअर पार्टचं दुकान टाकतायत."

पोरीचा घास माझ्या हातात तसाच राहिला.

त्या गेल्यावर मी विचारलं, "कुठं टाकलंय मी दुकान?"

तिनं पोरीला घ्यायला हात पुढं केले. मी दिली नाही.

"तुला माझी लाज वाटती का?"

"व्हय, वाटती," ती एकदम म्हणाली. "आज वाटली. तुमाला वाटतंय तुमाला एकट्यालाच बोलतात? माझ्यापाठीमागं काय बोलतात ते ऐकलंय का कधी? नवऱ्याला गुंडाळून ठेवलाय. नवऱ्याला धुणं धुवायला लावती ही कसली बाई. परवा एका बाळंतिणीची सासू मला म्हणाली, माझ्या सुनंला हात लावू नका, तुमचं वळण लागंल. तिला कळा येत होत्या आणि सासू हे बोलत होती. खोटं मी तुमच्यासाठी न्हाय बोलले. माझ्यासाठी बोलले. एक दिवस तरी मला कुणी साध्या बाईसारखं बघावं म्हणून."

हे मला ठाऊकच नव्हतं. मी समजत होतो की त्याग माझा, सोसणं माझं, आणि ती मजेत ड्युटी करतेय. टपरीवरच्या हसण्याचा मी हिशेब ठेवत बसलो होतो, आणि ती कळा देणाऱ्या बाईच्या उशाशी उभी राहून माझ्यापेक्षा वाईट ऐकत होती.

"बाळंतपण केलंस का मग?" मी विचारलं.

"केलं. सासूला बाहेर काढलं आणि केलं. मुलगा झाला."

मी पोरगी तिच्याकडं दिली. ती तिथंच भिंतीला टेकून बसली, पोरीच्या तोंडावरचा भात पुसत.

"दुकान टाकायचं का खरंच?" ती थोड्या वेळानं म्हणाली. "म्हणजे नावाला. तुमाला बरं वाटंल."

"मला बरंच हाय," मी म्हणालो. "तुला खरं सांगायला जमंल का तेवढं बघ."

पुढच्याच लसीकरणाच्या दिवशी तिला जमलं. रांगेतल्या एका बाईनं विचारलं, "मालक काय करत्यात तुमचं?" बायको सुई भरत होती. "घरी असतात. पोरीकडं बघतात, सैपाक करतात."

"आन् कामधंदा?"

"हाच."

मी पोरीला कडेवर घेऊन व्हरांड्यात उभा होतो. रांगेतल्या पाच-पंचवीस बायकांनी माना वळवून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी नमस्कार केला.

सासरे आले ते एकदाच रागावून आले, पण तेवढं पुरलं. बारामतीजवळच्या गावात त्यांची उसाची शेती. मुलीला त्यांनीच हट्टानं शिकवलं होतं. त्यांना मुलीच्या नोकरीचा अभिमान होता, पण जावयाची लाज माझ्या बापापेक्षा त्यांनाच जास्त वाटली. मी चहा करून पुढं ठेवला. त्यांनी कपाकडं पाहिलंसुद्धा नाही.

"पाव्हणं, मी पोरगी कंपनीतल्या फिटरला दिली व्हती."

"फिटर अजूनबी हाय मी, मामा. हातात पाना न्हाय एवढंच."

"लोक मला इचारत्यात, जावई आजारी हाय का म्हणून." ते मुलीकडं वळले. "तू सोड ही नोकरी. घरदार नासलं तुझ्या नोकरीपायी."

"काय नासलंय दादा?" ती म्हणाली. "पोरीचं वजन बघा. घर बघा. मी दोन वेळा गरम जेवते. आई माझी कधी गरम जेवली का तुमच्या घरात?"

ते उठले. दारातून म्हणाले, "तुझ्या हातचा चहा प्यायला येईन परत."

"चहा तेच करतात," ती म्हणाली.

त्यानंतर सासरे आले, अनेकदा आले, नातीसाठी खाऊ घेऊन आले. पण येताना चहा बाहेरच पिऊन यायचे. आजतागायत माझ्या हातचा चहा त्यांनी घेतलेला नाही आणि तिनं त्यांच्यासाठी वेगळा कधी केला नाही. दोघं बापलेक सारखेच.

पोरगी अडीच वर्षांची असताना निमगावला चुलत भावाचं लग्न निघालं. तोवर मी गावी जात होतो ते पाहुण्यासारखा, सकाळी जाऊन दुपारी परत. आबा माझ्याशी पावसापाण्याचं बोलायचे, दुसरं काही नाही. या लग्नात मुक्काम करावाच लागला.

हळदीच्या दिवशी पंगत बसली. समोरच्या ओळीत तात्या, म्हणजे माझे चुलते. ते वाढप्याला मोठ्यानं म्हणाले, "ए, हेला जपून वाढा रं. मीठ कमी पडलं तर लगीच कळंल हेला. रोज चुलीम्होरं बसतोय."

पंगत हसली. कोण तरी म्हणालं, "नर्सबाई ड्युटीवर, आन् मालक भांड्यावर."

परत हसले. याआधी असं झालं की मी खाली बघून जेवायचो. त्या दिवशी का कोण जाणे, मी घास खाली ठेवला.

"मीठ कमीच हाय, तात्या," मी म्हणालो. "आन् वांगं पुरतं शिजलेलं न्हाय. आन् भांड्याचं म्हणाल तर घासतो. रोज घासतो. तुमाला सा पोरं. एकाच्या तरी ढुंगणाला कधी पाणी लावलंय का, हितं चार माणसांत सांगा."

बायकांच्या बाजूनं कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. आबा अर्ध्या ताटावरून उठले.

मी त्यांच्यामागं गोठ्याकडं गेलो.

"चार माणसांत चुलत्याला असं बोलायचं असतंय का?"

"चार माणसांत पुतण्याला तसं बोलायचं असतंय का?"

"बोलणारच. वागणूक तशी हाय तुझी. पुरुष म्हणायचं का काय तुला?"

मी दहावीत जाईपर्यंत आमच्या घरात मेंढरं होती. मी दहावीत असताना ती विकून आबांनी डाळिंब लावलं. माझ्या लहानपणी आम्ही दर साल मेंढरांमागं चालत जायचो, आणि मला जे आठवत होतं तेच मी बोललो.

"आबा, वाटंत मेंढी व्याली की वलं कोकरू घोंगड्यात गुंडाळून तुमी छातीशी धरायचा. घाट चढायचा तसंच. त्याला ढाळ लागलं तर सोताच्या हातानं पुसायचा. तवा कोण हसलं तुमाला?"

"त्यो धंदा व्हता."

"आन् ही तुमची नात हाय."

आबा बराच वेळ म्हशीच्या पाठीवर हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "उंद्या पहिल्या गाडीनं जा. लग्नात नको राहू." आम्ही गेलो. गाडीत बायको म्हणाली, "ढुंगणाचं बोलायला नको होतं." आणि मग तोंडाला पदर लावून इंदापूर येईपर्यंत हसत होती.

त्यानंतर सहा-सात महिने गावाशी बोलणं नव्हतं. आणि एक दिवस सकाळी अकराच्या सुमाराला आबा क्वार्टरच्या दारात उभे. अकलूजला बैल बघायला चाललो होतो म्हणाले. बायको ड्युटीवर होती. मी पाणी दिलं. पोरीनं त्यांचा फेटा ओढला, त्यांनी ओढू दिला. मी भाकरी टाकत होतो. ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून बघत राहिले. माझ्या पाठीला त्यांची नजर जाणवत होती.

जेवायला वाढलं. त्यांनी भाकरी मोडली, उलटून बघितली.

"जाड हाय."

मी पुढच्या भाकरीचं पीठ परातीत घेतलं.

"पीठ नीट मळत न्हाईस तू. म्हणून कडा फाटत्यात."

मग ते उठले, हात धुतले, माझ्या हातातली परात घेतली आणि मांडी घालून बसले. पंचाहत्तरीच्या जवळ आलेल्या माझ्या बापानं तळव्यानं पीठ मळलं, गोळा केला आणि भाकरी थापली. पातळ, गोल, कडेला एक चीर नाही. तव्यावर टाकून वरून पाणी फिरवलं. ती टम्म फुगली. मी बघतच राहिलो.

"कुठं शिकलासा?"

"मेंढरामागं बाया नसायच्या तवा कोण करून घालणार? आमीच थापायचो, धाधा माणसांच्या." त्यांनी दुसरा गोळा घेतला. "हे गावात बोलू नको कुठं."

"बोलणार," मी म्हणालो. "समद्यांना सांगणार."

त्यांनी मला एक शिवी दिली. पण भाकरी थापायचं थांबवलं नाही. पोरीसाठी त्यांनी एक तळहाताएवढी छोटी केली, तिच्यावर बोटानं डोळे-नाक काढलं. बायको आली तेव्हा सहा भाकरी टोपलीत होत्या. तिनं एक तुकडा मोडला, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "ही तुमची न्हाय." आबा घाईघाईनं चपला घालून अकलूजला निघाले. मी ही गोष्ट गावात खरंच सगळ्यांना सांगितली. आधी तात्यांना.

पोरगी पाच वर्षांची झाली तेव्हा बायकोची बदली इंदापूरला झाली. शाळेत नाव घालायला मी गेलो. गुरुजी रजिस्टर घेऊन बसलेले.

"वडिलांचा व्यवसाय?"

"घरकाम."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "घरगडी आहात कुणाकडं?"

"सोताच्या घरात."

"अहो, असं नसतं. शेती असंल की गावाकडं? शेती लिहितो."

"शेती वडील करत्यात. मी न्हाय."

"मग बेकार लिहू का?"

"बेकार असतो गुरुजी, तर ही पोरगी आंघोळ करून, दोन वेण्या घालून, पोटभर खाऊन हितं उभी राहिली असती का?"

माझ्या मागं उभ्या असलेल्या एका पालक बाईनं पोरीच्या वेण्यांकडं पाहिलं. गुरुजींनीही पाहिलं. वेण्या घट्ट होत्या, भांग सरळ होता. त्यांनी पेन झटकलं आणि लिहिलं. मी वाकून वाचलं आणि मगच सही केली.

पोरगी शाळेत गुंतली तसे दिवसाचे काही तास मोकळे राहायला लागले. मग मी स्टँडजवळच्या एका वर्कशॉपमध्ये जायला लागलो. शाळा भरल्यावर जायचं, सुटायच्या आत निघायचं, या बोलीवर. मालकानं आधी आढेवेढे घेतले, मग माझा हात बघून कबूल झाला. हाताला पुन्हा ग्रीस लागलं, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

पण गावात, पाहुण्यांत सगळीकडं एकच शब्द फिरला. सुधारला. तात्या म्हणाले, सासरे म्हणाले, ज्या साहेबांनी मला पाणी दिलं होतं तेही एकदा बारामतीच्या बाजारात भेटले आणि म्हणाले, "चला, सुधारलास म्हणायचा." मी त्यांना सरळ सांगितलं, "साहेब, बिघडलोच कधी होतो?" ते हसले आणि पाठीवर थाप मारून गेले. त्यांना ती थट्टा वाटली.

आबासुद्धा निमगावात ज्याला त्याला सांगत होते, पोरगं कामाला लागलं. मी पुढच्या खेपेला गेलो तेव्हा ते पारावर चार माणसांत बसले होते. तिथंच उभा राहून मी म्हणालो, "आबा, मी कामालाच व्हतो. चार वर्षं कामालाच व्हतो."

आबांनी तंबाखूची चिमूट तोंडात टाकली, जरा सरकले आणि मला बसायला जागा केली.